कोण गं ती मागं?

"कोण गं ती मागं?" ऋतुजाच्या मम्मीनं फोनवर विचारलं.

"कोणी नाही गं. कामवाली आहे."

मी सिंकपाशी उभी. हातात माझंच ताट, त्याला माझ्याच पिठल्याचं खरकटं. लंडनच्या त्या घराच्या करारावर तीन सह्या, त्यातली एक माझी. आणि शेजारच्या खोलीत राहणारी ही बारामतीची पोरगी व्हिडिओ कॉलवर आईला सांगत होती, कामवाली आहे.

"बरं झालं," मम्मी म्हणाली. "भांडी नीट घासून घे तिच्याकडनं."

आमी तिघी. ऋतुजा बारामतीची, घरचा ऊस, कारखान्याचे सभासद, दारात दोन गाड्या. सानिका पुण्याची, डॉक्टरची लेक. मी इंदापूरची. युनिव्हर्सिटीच्या ग्रुपवर ओळख झाली, घर मिळंना म्हणून एकत्र आलो. पहिल्या दिवशी ऋतुजानं मला मिठीच मारली. "इंदापूर म्हणजे शेजारचीच की गं तू!" मला लई बरं वाटलं. परक्या मुलखात एवढं तरी कोण म्हणतं?

पहिले काही रविवार नुसतं हिंडलो. दुमजली बसमधी वर, पुढच्या सीटवर. नदीकाठानं पाय मोडेस्तोवर चाललो. एकदा उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला उतरलो. हसून हसून पोट दुखलं.

मग एका रविवारी बसमधीच ऋतुजानं विचारलं, "स्कॉलरशिप कुठली गं तुझी?"

"सरकारची."

"म्हणजे कुठल्या खात्याची?"

"समाजकल्याणची."

"अच्छा," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तवापासनं माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. पुलावर फोटो काढायचा तर फोन माझ्या हातात. "तू काढ गं, तुझा हात हलत नाही." काढला. बागेत काढला. राजवाड्याच्या गेटापाशी काढला. स्टेटसला मात्र दोघीच.

चार दिवसांनी आईचा फोन. "आगं, बारामतीच्या कुणी बायका तुझी चौकशी करत हुत्या. कुठल्या आळीची, आई काय करती. सोयरीक काढत्यात का काय गं?" आई खुशीत हसत होती. मला मात्र ही सोयरिकीची चौकशी वाटंना.

आमी बौद्ध. आई इंदापुरात चार घरची धुणीभांडी करती. यात लपवायचं काय? मला विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलंच न्हाय.

पुढं ऋतुजाचा तुपाचा डबा ओट्यावरनं तिच्या खोलीत गेला. मी आत आले की दोघींचं बोलणं थांबायचं. मी स्वतःलाच दटावायची, तुझाच डोळा वाकडा हाय बाई, जिथं तिथं तुला तेच दिसतं. संशय लई वाईट. खरा निघाला तर वाईट, खोटा निघाला तरी आपणच वाईट.

खरा निघाला. त्या दिवशी, सिंकपाशी.

फोन ठेवल्यावर ऋतुजा माझ्याकडं वळली. "तुझ्यासाठीच बोलले गं. मम्मीला सांगितलंय, तू घर सोडून गेलीस. नाहीतर ती मला इथं राहूच देणार नाही."

म्हणजे मी घरात नव्हतेच. कामवाली म्हणून दिसले तर चालत होते. कामवालीचा हात भांड्याला चालतो, बरोबरीनं राहणारीचा न्हाय. कामवाली ही काय शिवी न्हाय. त्याच कामावर आईनं मला वाढवलं. राग त्याचा न्हाय. राग ह्याचा, की मी जिती-जागती समोर उभी असताना हिनं मला पुसून टाकलं, आणि वर उपकार केल्यासारखं बोलली.

तेवढ्यावरच थांबली न्हाय. "पुढच्या महिन्यात मम्मी-पप्पा येतायत. आठच दिवस. तेवढे दिवस कुठं तरी राहशील? प्लीज, समजून घे ना."

सानिका मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाली, "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. समजून घे! शाळेत समजून घेतलं. वसतिगृहात समजून घेतलं. समजून घ्यायला दर वेळी मीच का?

ताट धुतलं, पुसलं, जाग्यावर ठेवलं. मग म्हटलं, "न्हाय."

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हणजे न्हाय. ज्याला माझी अडचण हाय त्यानं हॉटेल बघावं."

ती रडली. एरवी कुणी रडलं की माझा जीव कासावीस होतो. त्या दिवशी काही झालं न्हाय.

आईला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भांडू नगं बाळा. एवढ्या लांब गेलीस, तेवढं शिकून घे." तिचा जीव माझ्यासाठी तुटतो, मला कळतं. पण ह्या बाबतीत मी तिचं ऐकणार न्हाय.

ऋतुजाचे मम्मी-पप्पा येत्या शनिवारी येत्यात. मी घरातच असणार. बेल वाजली की दार मीच उघडणार. ऋतुजा पळत आली तरी मीच. "या काकू, मी हितंच राहते," असं डोळ्यात बघून सांगणार आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातानं पुढं करणार. घ्यायचं तर घ्या. न्हाय घ्यायचं तर आल्या पावली माघारी फिरा. मी हलणार न्हाय.