शिंगांची जीप

मामाने मुंबईहून माझ्या धाकट्या भावासाठी प्लास्टिकच्या विटांचा खेळ आणला. विटा जोडल्या की तेव्हा गाजलेल्या एका सिनेमातली जीप तयार व्हायची. माझं मत विचाराल तर खेळ टुकार होता. खोक्यावरच्या चित्रात जीप नदीवरून उडत होती. आमची जमिनीवरही चालेना, चाकं इतकी घट्ट.

"बाबा, चाकं घासून द्या नं," भाऊ रोज म्हणायचा.

"देतो गा उद्या," बाबा म्हणायचे.

तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल ओढत घरोघर निघाली. भावाने उरलेल्या दोन पिवळ्या विटा जीपला शिंगं म्हणून लावल्या आणि दोरी बांधून ती फरफटत नेली. पोरं फिदीफिदी हसली. शेजारच्या काकूंनी मात्र जीपला कुंकू लावून त्याच्या हातावर खाऊ ठेवला. म्हणाल्या, "लाकडाच्या बैलाले चाकं चालतात, मंग जीपले शिंगं काहून नाही?"

त्याच हिवाळ्यात भाऊ तापाने गेला.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला आईने जीप पाटावर मांडली. कुंकू लावताना तिचा हात लागला आणि जीप पाटावरून उतरून गडगडत थेट उंबऱ्यापर्यंत गेली.

बाबांनी कधीतरी चाकं घासून ठेवली होती.