नावाडी घरी पोहोचला का?

चार माणसं एकच पुस्तक आलटून पालटून वाचतात, तिथे गोष्ट एक राहत नाही, चार होतात. शिवाय वाचणाऱ्यांचे किस्से वेगळेच. आमच्या धाड गावच्या मंडळींकडे ते इतके साचलेत, की मूळ मालिकेऐवजी हेच छापावेत असं मला हल्ली वाटतं. निदान यात कोण कोणाचा कोण, ते तरी कळतं!

मंडळी म्हणजे मी, मेडिकलवाली. समोरचा इरफान टेलर. बुलढाण्याच्या एसटीचे कंडक्टर गजाननभाऊ. तिथे माझ्या बहिणीकडे मागवलेला नवा खंड तेच घेऊन येतात. आणि इरफानचे अब्बा, आमचे सगळ्यांचे चाचा. आम्ही वाचतो ती जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात तिला, इंग्रजीतली. एक म्हातारा नावाडी घरी परतायला निघालाय, तिथे बायको त्याची वाट बघतेय, आणि नावेत एक तलवारवाला पोरगा बसलाय. एवढं पक्कं. बाकी अलीकडच्या खंडांबद्दल माझं एकही मत आठवडाभर टिकत नाही.

चाचांना इंग्रजी येत नाही. लकव्याने उजवा हात गेल्यापासून ते दुकानात नुसते बसून असतात. इरफान शिलाई करता करता त्यांना चित्रं दाखवून गोष्ट सांगतो. तलवारीत त्यांना काडीचा रस नाही. दर खंडाला एकच प्रश्न, "नावाडी पोहोचला का घरी?"

*

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. उर्दूमुळे चाचांना ते सरळच वाटलं. गजाननभाऊंनी मात्र पहिला खंड आपल्या पद्धतीने वाचला, म्हणजे शेवटाकडून. "लय भारी स्टोरी हाये ताई! पोट्टा पहिले लढते, मंग तलवार शिकते!" आम्ही समजावलं. त्यांनी ऐकलं नाही.

मग आला पंधरावा खंड. लेखकाला काय लहर आली कोण जाणे, त्याने अख्खी गोष्ट उलटी सांगितली. मी तीनदा वाचला, डोकं भणाणलं. गजाननभाऊंनी एका फेरीत संपवला.

"काऊन बे इरफान, यात न समजण्यासारखं काय हाये?"

*

सोळाव्यात पोरगा कड्यावरून पडला. आमच्याकडे सोयाबीन पेरलं तेव्हा पडला, सोयाबीन सोंगून सतरावा खंड आला तरी खाली पोहोचला नव्हता. माझं मत होतं की यात काहीतरी खोल अर्थ असणार. आईने चहा ठेवता ठेवता पान पाहिलं.

"हे पोट्टं अजून जमिनीवर आलं नाही काय वं?"

तेव्हापासून मी खोल अर्थ शोधायचं सोडलंय.

*

सतराव्यात एकदम तीस नवी माणसं आली. त्यातली निम्मी एकसारखी दिसणारी! इरफानने वैतागून आपल्या मापाच्या वहीतच यादी केली. कोण कोणाच्या बाजूचं, कोण जिवंत, कोण नाही. घाईत एक शेरा भलत्याच पानावर पडला.

ब्लाऊजचं माप तपासायला आलेल्या सुलोचनाकाकूंनी वही उघडली. स्वतःच्या नावापुढचा मजकूर त्यांनी दोनदा वाचला. मग शांतपणे विचारलं, "इरफान, मी मेली, पण नक्की नाही. हे काय हाये रे?"

*

अठराव्या खंडात नावाडी मेला. घरापासून दोन वळणं अलीकडे! सगळ्यांत आधी मी वाचला, आणि काउंटरवर बसून खरंच रडले. लेखकाने असं का केलं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

इरफानने मशीन थांबवली. "अब्बाले नका सांगू ताई. डॉक्टरनं सांगितलं, मनाले लागन असं काही होऊ देऊ नका." मग आम्ही ठरवलं की खंड आलाच नाही. तो कपड्याच्या तुकड्यांखाली दडवला. चाचा रोज दुपारी विचारायचे आणि गजाननभाऊ, ज्यांच्याकडून अर्धं तिकीटही कोणाला सुटत नाही, ते रोज खोटं बोलायचे, "नाही जी चाचा, आज बी नाही."

तीन आठवडे गेले. एका दुपारी चाचांच्या गोळ्या द्यायला गेले तर खंड त्यांच्या मांडीवर उघडा. डाव्या हाताने ते एकेक पान उलटत होते. इरफान हातात कात्री घेऊन तसाच उभा. गजाननभाऊ दारात. चाचा नावाडी मेलेल्या पानावर थांबले, मग त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता रडतील. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

चाचा भडकले!

"हा मरून किती दिवस झाले?"

"तीन हप्ते, अब्बा."

"अन् मले कोनी सांगितलं नाही! मी रोज नमाजनंतर दुआ मांगून राह्यलो, की हा सुखरूप घरी पोहोचू दे. मेलेल्या मानसाची दुआ अलग असते बे! तीन हप्ते त्याच्यासाठी कोनीच नाही मांगली!"

चाचांनी डाव्या हाताने टोपी घातली, काठी घेतली आणि मशिदीकडे निघाले.

गजाननभाऊ हळूच म्हणाले, "चाचा, त्याची बायको हाये ना घरी. तिच्यासाठी बी मांगजा."

चाचा पायरी उतरता उतरता थांबले.

"तिच्यासाठी तर पहिल्या खंडापासून चालू हाये."