खालांच्या कोंबड्याचा तुरा

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. फुलंब्रीजवळच्या खेड्यातून मी औरंगाबादेत, खाम नदीकाठच्या वस्तीत नांदायला आले. राज्य निजामाचं होतं. मालक सकाळीच कापडगिरणीत जायचे. घरी मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. परसात त्यांच्या नऊ कोंबड्या होत्या आणि त्यांच्यावर आत्याबाईंचा भारी जीव.

शेजारी हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्याचं घर. त्या घरातल्या बाईंना सगळी आळी खाला म्हणे. त्यांची लेक कन्नडला सासरी अवघडलेली होती आणि तिला हलवू नका असं सुईणीनं बजावलं होतं. म्हणून खालाच निघाल्या. जायच्या दिवशी तांबडा कोंबडा बगलेत घेऊन आमच्या दारात आल्या.

"महिनाभर सांभाल बेटी. हाताने दाणे भरवून वाढवलाय मी."

आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण मी हात पुढे केले होते.

पाचव्या दिवशी कण्या टाकताना त्याच्या तुऱ्यावर तिळाएवढे करडे ठिपके दिसले. कुणीतरी टोचलं असेल, असं वाटून मी सोडून दिलं. तीन दिवसांत त्याच ठिपक्यांच्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या काळपट खपल्या झाल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "मरी हाय ही. आजच्या आज कापून पुरून टाक. माझ्या कोंबड्या जातील."

"खालांना काय सांगू?"

"मेला म्हणून सांग. कोंबडंच हाय."

मी घाबरले आणि नको ते करून बसले. घाण निघाली की जखम भरेल, असं समजून एक खपली नखानं उपटली. एवढ्याशा तुऱ्यातून इतकं रक्त येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यानं मान झटकली तशी भिंतीवर शिंतोडे उडाले. लाल रंग बघून कोंबड्या धावल्या आणि त्याच जागी चोची मारायला लागल्या. मी त्याला पदरात गुंडाळून हळद दाबून धरली. रक्त थांबेना.

रक्त थांबलं तसं कोंबड्याला पाटीत घालून, वर फडकं बांधून, जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं घोडे आणि बैल उभे. पाटीतला कोंबडा बघून माणसं हसली. तिथले जनावरांचे वैद्य, म्हातारे सलोतरी, मात्र हसले नाहीत. त्यांनी तुरा अंगठ्यानं दाबला आणि सोडला.

"बघ, दाबला की पांढरा, सोडला की लाल. रक्त फिरतंय. सगळा तुरा निळा-काळा पडला असता तर मरी म्हटलं असतं. ह्या देवी हायत, कोंबड्यांच्या." मग त्यांची नजर जखमेवर गेली. "खपली कुणी काढली?"

"मी."

"परत हात लावू नको. आपसूक पडू दे. ओढली की रोग दुसऱ्यांना जातो."

त्यांनी चोच उघडली. जिभेच्या कडेला सायीसारखा पिवळट थर होता. त्यांचा चेहरा उतरला.

"हा वाढला तर श्वास कोंडंल. औषध नाय याला. वेगळा ठेव, मऊ खायला घाल, कोमट मिठाच्या पाण्यानं डोळे पूस. डास चावू देऊ नको, त्यांनीच पसरतं हे."

सरपणाच्या खोपीत डालग्याखाली त्याला ठेवलं, वर जुनं लुगडं टाकलं. ताकात कुस्करलेली भाकरी बोटानं चोचीत सारायची, राखेनं हात घासायचे, मगच कोंबड्यांकडं जायचं. त्याचा डावा डोळा सुजून मिटला. श्वासाला घरघर लागली. कामं टाकून मी डालग्याला कान लावून बसायची. घरघर थांबली की डालगं उचलून बघायची.

तेवढ्यात आमच्या तीन कोंबड्यांना ठिपके आले. त्यातल्या दोन मेल्या. आत्याबाईंनी त्या माझ्यापुढं आणून ठेवल्या.

"घे. तुझ्या पाहुण्यानं खाल्ल्या."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मालकही जेवून लगेच उठायचे.

मग घशातला थर हळूहळू विरला. एका सकाळी त्यानं आपणहून कण्या टिपल्या. खपल्या एकेक गळून पडल्या, खाली गुलाबी कातडी निघाली. तुरा वाचला, डोळा मात्र गेला.

नातू झाल्याची खबर घेऊन खाला परतल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, खपली उपटली तेही. आत्याबाई दारात उभ्या होत्या. खाला त्या मिटल्या डोळ्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "निघतानाच त्याच्या तुऱ्यावर एक बारीक फुंसी दिसली होती मला. सांगितलं असतं तर तुम्ही ठेवून घेतला नसता. आणि मला जायचंच होतं."

आत्याबाईंच्या शिव्या मी कुणासाठी खाल्ल्या होत्या? "खाला, दोन कोंबड्या मेल्या आमच्या," एवढंच बोलले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी खाला दोन तलंगा, अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या, घेऊन आल्या. आत्याबाईंनी त्यांना हात लावला नाही.

"महिनाभर तुमच्याकडंच ठेवा. धड राहिल्या तर आणा."

खालांनी महिन्यानं तलंगा आणून दिल्या. मी मात्र त्यांच्याकडं जायचं टाळत राहिले. पुढं त्यांची लेक बाळाला घेऊन माहेरी आली, तेव्हा बाळाला बघायला म्हणून पहिल्यांदा गेले. खालांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं.