काचेवरची पेन्सिल

मेघश्याम श्रीकृष्णाला वंदन करून, आईच्या श्राद्धतिथीस हे लिहितो आहे.

पापडी गावच्या फोटो स्टुडिओत आई लाकडी खुर्चीवर बसली होती. लहानगा मी तिच्या पदराशी. छायाचित्रकाराने काळ्या कापडाखालून डोके बाहेर काढले. म्हणाला, "बाई, तुझं तोंड गोरं करून देतो. नाहीतर फोटोत नुसते दात दिसतील." थांबलेली गिऱ्हाइके हसली. आई हलली नाही. फोटो काढताना हलायचे नसते.

फोटो आला. लुगडे आईचे, कुंकू आईचे. चेहरा परका. तिने तो ज्यावरून छापला ती निगेटिव्हची काचही मागून घेतली आणि दोन्ही गोधडीत गुंडाळून ठेवले. भिंतीवर तो फोटो कधीच आला नाही.

पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून बांधून आणलेल्या माणसांचे आम्ही वंशज. त्यांचे गाव, भाषा, नावे, काही उरले नाही. उरला वर्ण, उरले केस, आणि कडेकडून आत येत गोधडी शिवण्याची आईची रीत. मी संस्कृत शिकलो, जन्मभर शिकवले. तरी अजून विचारतात, "गुरुजी, मूळचे कुठले?"

यंदा मी जिथे शिकवतो त्या गिरीज गावच्या पाठशाळेने एका वर्गाला आईचे नाव द्यायचे ठरवले. तिचा फोटो मागितला. माझी नात उन्हात फोटो छापण्याची जुनी पद्धत शिकली आहे. तिने काच उजेडासमोर धरली.

"आजोबा, चेहऱ्यावर पेन्सिल फिरवलीये, काचेवर काळं ते फोटोत गोरं. टर्पेंटाइनने निघेल. पण काच बिघडली तर पणजी कायमची गेली."

"पूस," मी म्हणालो.

कापसाचा बोळा काळा झाला. मग रसायन लावलेल्या कापडावर काच ठेवून आम्ही ती अंगणात उन्हात मांडली. कापड पाण्यात धुतले, आणि गर्द निळ्या रंगात आई आली. रुंद नाक. जाड ओठ. कुणालाही न भिणारे डोळे. ते कापड मधोमध ठेवून नातीने आणि मी भोवती गोधडी शिवली. आईच्याच रीतीने.

पाठशाळेचे कार्यवाह ती पाहून अवघडून हसले. अगदी मृदू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तो गोराच फोटो द्या ना. आईंचा मान राहील."

आवाज मृदू होता. हसणे तेच, स्टुडिओतले. गाभाऱ्यात यांना काळा देव चालतो.

"मग पाटीवर नाव तरी कोणाचं घालणार?" मी विचारले.

 मी गोधडीची घडी घातली, आईचे नावही परत घेतले.

आता ती गोधडी माझ्या ओसरीवर टांगली आहे, रस्त्याकडे तोंड करून. माझा वर्ग यापुढे तिच्याखालीच भरेल. ज्याला शिकायचे असेल त्याने आधी आईला नमस्कार करावा. ज्याला हे जमणार नाही, त्याला मी एक अक्षरही शिकवणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न आणि आरोग्य नांदो. तुमच्या भिंतीवरच्या पूर्वजांचे चेहरे त्यांचेच असोत.