गाडीखालचं कुत्रं

कुत्रं लंगडायला लागलं की आधी त्याचा पाय बघावा. बोटांच्या बेचक्यात काटा असतो, नाहीतर खडा, नाहीतर तळवा भाजलेला असतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही एकदा मी गाडीत नुसती बसून राहिले, आणि त्याची लाज मला या वयातही वाटते.

तेव्हा इंग्रजांची दुसरी मोठी लढाई चालू होती. लग्न आदल्या साली झालेलं, आणि आता मामंजी, म्हणजे माझे सासरे, मला नांदायला न्यायला बैलगाडी घेऊन आले होते. बरोबर माझी नणंद. माझ्याच वयाची, पण जिभेला हाड म्हणून नाही! आमचं गाव जेऊरच्या बाजूला, घाटाच्या वर, आणि सासर घोडेगावच्या पलीकडं. दिवस उन्हाळ्याचे होते.

आमच्या घरचं कुत्रं माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेलं. एक कान फाटका, शेपूट अर्धी, रंग धड काळा नाही की धड तांबडा नाही. पायात काटा मोडला की ते तडक माझ्यापुढं येऊन पाय वर धरायचं. मी त्याचं तोंड मांडीवर दाबून धरायची आणि वडील काटा काढायचे. मी निघताना आईनं त्याला दावणीला बांधून ठेवलं होतं. घाट उतरल्यावर बघते तर काय, दावं तोडून आलेलं! तुकडा गळ्यात लोंबतोय आणि स्वारी गाडीखालच्या सावलीतून बैलांच्या चालीनं चाललीय. मला असा आनंद झाला म्हणून सांगू!

तो नणंदेनं टिकू दिला नाही. सकाळपासून ती माझ्या आंदणाच्या भांड्यांना नावं ठेवत होती. कळशीला पोचा आहे, ताट पातळ आहे. तिनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बया! वैनी, भांडी कमी पडली म्हनून तुमच्या आईनं आंदनात कुत्रं दिलं का काय?"

मामंजींनी मागं न वळता विचारलं, "कुनाचं गं ते?"

"आमचं न्हाई," मी म्हणाले. "गावातलं हाय कुनाचं तरी. येतंय आपलं."

बोलून गेले आणि चुकलं हे लगेच कळलं. पण शब्द काही मागं घेतला नाही.

त्या रस्त्यानं लष्कराच्या लॉऱ्या नगरला जा-ये करायच्या, म्हणून नवी खडी टाकली होती. तापलेल्या खडीवर कुत्रं आधी नुसता पाय झटकत चाललं, मग लंगडायला लागलं, मग गाडीखालची सावली सुटून मागं पडलं. मी मागं तोंड करून बसले होते, मला सगळं दिसत होतं. लॉरी आली की ते धुरळ्यात दिसेनासं व्हायचं. धुरळा बसला की पुन्हा दिसायचं, तीन पायांवर. एकदा ते रस्त्यातच थांबलं आणि माझ्याकडं बघून त्यानं पाय वर धरला.

'मामंजी, गाडी थांबवा,' एवढंच म्हणायचं होतं. कुत्रं माघारी जाणार नाही आणि सासरपर्यंत पोचणारही नाही, हे मला कळत होतं. पण नणंद हसेल, सगळ्या आळीला सांगत सुटेल, आणि वर मी खोटी ठरेन. काय मेलं त्या हसण्याचं एवढं भ्यायचं होतं!

पुढं लिंबाखाली मामंजींनी बैलांना पाणी पाजायला गाडी सोडली. वाकून गाडीखाली बघितलं आणि विचारलं, "ते कुत्रं कुठं गेलं?"

"लंगडत हुतं. ऱ्हायलं मागं," नणंद म्हणाली.

मामंजी उन्हात मागं चालत गेले आणि कुत्र्याला उचलून घेऊन आले. कमरेच्या पानाच्या चंचीतून काट्याचा चिमटा काढला. कुत्रं गुरगुरायला लागलं, पायाला हात लावू देईना. मामंजींनी मान वर करून गाडीकडं बघितलं. "कुनी याचं त्वांड धरील का?"

मी पदराकडं बघत बसले.

मग त्यांनी डोक्याच्या पटक्याच्या दोन पट्ट्या फाडल्या. त्या वेळी कापड कंट्रोलवर, म्हणजे सरकारी मापानं, मिळायचं, तेही रांगेत उभं राहून! एका पट्टीनं त्याचं तोंड बांधलं. बेचक्यातून बाभळीचा काटा निघाला. ते बांधल्या तोंडानं रडत होतं. मामंजींनी पाय धुतला, चाकाला घालायचं एरंडेल तळव्याला चोळलं, दुसरी पट्टी पायाला गुंडाळली, तोंड सोडलं आणि त्याला गाडीत ठेवलं.

ते सरळ माझ्याकडं आलं आणि माझ्या नव्या लुगड्यावर तोंड ठेवून निजलं.

"अगं आई! म्हंजी हे तर वैनीचंच!" नणंद ओरडली.

मामंजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग तिला म्हणाले, "माजं हाय ते. वाटंत पाळलंय मी. पुन्यांदा काय बोललीस तर उतरून चालत ये."

घरी सासूबाईंनी विचारलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, "माजं हाय." माझी लाज त्यांनी स्वतःवर घेतली, आणि त्यापायी ते कुत्रं खरंच त्यांचं झालं. तेच त्याला भाकरी टाकायचे, शेतात न्यायचे. मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की माझं आहे?

पुढं एका पावसाळ्यात ते पुन्हा लंगडत आलं. मी अंगणात भांडी घासत होते. हातातलं पातेलं टाकलं, हात लुगड्याला पुसले आणि मांडी घालून बसले. ते माझ्या शेजारून पुढं गेलं आणि बाजेवर बसलेल्या मामंजींसमोर जाऊन त्यानं पाय वर धरला.

मामंजींनी चंची उघडली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "ये पोरी, त्याचं त्वांड धर."

मी उठले आणि धरलं. ते गुरगुरलं नाही, हललं नाही. काटा निघेपर्यंत ते मामंजींकडंच बघत होतं.