काचेसारखा झालेला गड्डा

आखाडा बाळापूरच्या आसपास माझ्या मामांच्या हळदीच्या बेण्याचं, म्हणजे लागवडीच्या गड्ड्यांचं, नाव होतं. हळद निघाली की गावोगावची माणसं त्यांच्याकडे यायची. मामा बेण्याचे गड्डे सावलीत रचायचे, वरून हळदीचाच वाळला पाला टाकायचे आणि देताना घेणाऱ्यासमोर एक गड्डा विळ्यानं कापून दाखवायचे. आतून केशरी, ओला, घट्ट. समोरचा मान हलवायचा आणि पोतं भरायला घ्यायचा.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप सांभाळते. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझं काम म्हणजे नुसतं कापणं होतं. उंदराचा मेंदू असो की झाडाचं मूळ, मेणाच्या वडीत बसवायचं आणि केसाहून पातळ काप काढायचे. एकेक काप काचेवर घेऊन बघायचा आणि सगळे पुन्हा मनात जोडायचे. एखादा काप फाटायचा, एखादा दुमडायचा. तेवढ्या जागेत काय होतं ते मग कधीच कळायचं नाही.

पुढे लॅबमध्ये नवं यंत्र आलं. त्याला काप लागत नव्हते. अख्खा अवयव निरनिराळ्या द्रावणांत बुडवून ठेवायचा, त्यातली चरबी, रंग, उजेडाला अडवणारं जे जे असेल ते हळूहळू काढून टाकायचं. अवयव पारदर्शक झाला की लेसरचा कागदासारखा पातळ पडदा त्याच्यातून सरकत जातो, कॅमेरा बाजूनं थरामागून थर टिपतो आणि संगणकावर तो आतून-बाहेरून हवा तसा फिरवता येतो. उंदराचा अख्खा मेंदू मी पहिल्यांदा असा फिरवला तेव्हा हरखून गेले. घरी जाताना मात्र, आता लपायला जागाच राहिली नाही, असं काहीतरी वाटून गेलं.

त्या चैत्रात मी मामांकडे गेले होते. निघताना सहज म्हणून ढिगातले चार-दोन गड्डे पिशवीत टाकले. सगळे मेंदू बघतात, आपण आपली हळद बघू, एवढाच विचार होता.

मामी हसली. "पुण्यात हळद मिळत न्हाई व्हय?"

"खायला नाही मामी, बघायला नेतेय."

हळद रंग सोडता सोडेना. द्रावण बदललं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. हा रंग लेसरखाली स्वतःच चमकतो, त्यामुळे तो गेल्याशिवाय आतलं काही दिसणार नव्हतं. शेवटी बऱ्याच आठवड्यांनी गड्डा असा झाला की कापडावर ठेवला तर खालची वीण दिसावी. बुरशीला चिकटणारा एक रंगही मी त्यात मुरवला होता. तो कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आमच्याकडे झाडाच्या नमुन्यांना तो देतात, म्हणून दिला.

पडद्यावर आधी गड्ड्याच्या रसवाहिन्या दिसल्या, सुतळीच्या जुडग्यांसारख्या. मग एका डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, कडेला एक पांढरा धागा दिसला. वाटलं, केस पडलाय. चित्र फिरवलं तर धागा आत गेलेला. पुढे त्याला फाटे फुटले होते आणि ते वाहिन्यांना धरून गड्ड्याच्या पोटात उतरले होते. दुसरा गड्डा लावला. त्यातही तेच. बाहेरून दोन्ही ठणठणीत होते. मामांचा विळा त्यांच्यातून गेला असता तरी हे धागे कुणाला दिसले नसते.

आमच्या सरांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "झाडाच्या पोटात बुरशी असतेच. सगळी वाईट नसते. ती कुठे आहे ते चित्र सांगतं, काय करणार ते नाही सांगत."

म्हणून उरलेल्यातला एक गड्डा मी पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दिला. त्यांनी आतली बुरशी काढून वाढवली. नंतर त्यांचा फोन आला. "कंदकुजीचीच आहे. वावरात पाणी साचलं तर उठेल. नाही साचलं तर बसेलही गप्प."

"बेणं औषधात बुडवून लावलं तर?"

"वरची मरेल."

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "काहून घाबरवून राहिली माय? मी सकाळीच कापून बघितलं. सोन्यावानी हाय आतून." मग म्हणाले, "अन् निम्मं बेणं तर लोकं घिऊन गेले."

शेवटी मी लॅपटॉप घेऊन गेले. ओसरीवर भर दुपारी मामा-मामींसमोर गड्डा फिरवून दाखवला. मामांनी पडद्यावरच्या धाग्यावर बोट ठेवलं आणि विंचवावर ठेवल्यासारखं मागं घेतलं.

"हे जित्तं हाय?"

"होतं, मामा. ढिगात अजून असेल."

"समद्या गड्ड्यांत?"

"ते नाही सांगता येत."

मामी उठून आत गेली. ढिगाजवळून जाताना तिनं पदर आवरून घेतल्याचं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मामा मोटारसायकल काढून निघाले, मी मागे बसले. ज्यांनी ज्यांनी बेणं नेलं होतं त्यांच्या दारात जाऊन त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काहींनी पोती परत दिली. एकानं हसून विचारलं, "आजवर काहून न्हाई कुजलं मग?" त्यानं पोतं काही परत दिलं नाही.

सगळ्यात शेवटी आम्ही बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. तिथली एक मावशी एकटीच शेती बघायची. नाल्याकाठच्या सखल वावरात तिनं आठवड्यापूर्वीच मामांच्या बेण्याची लागवड उरकली होती.

मामा म्हणाले, "उकरून टाक बाई. मी दुसरं बेणं आणून देतो."

"कुठून?"

"मिळंल कुठूनबी."

"त्याच्या आत कुणी बघितलंय, दादा?"

तिनं चहा दिला आणि लागवड तशीच ठेवली. मामांनी उरलेला ढीग शिजवून, वाळवून हिंगोलीच्या बाजारात घातला. शिजलेल्या हळदीत ती बुरशी मरते. स्वतःच्या रानात त्यांनी परक्याचं बेणं लावलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

पाऊस चांगला झाला. लोकांना हायसं वाटलं, पण मामा फोनवर सारखं एकच सांगायचे, "नाल्याला पाणी लई हाय." श्रावणात सगळीकडे हळद कमरेएवढी, गर्द हिरवी झाली. परत न देणाऱ्या त्या हसऱ्या माणसाचं पीक मामांच्या पिकापेक्षा सरस दिसत होतं. बाजारात भेटला की तो विचारायचा, "भाचीबाई काय म्हणून राहिल्या?" मामा तिथून निघून यायचे. रोज सकाळी रानात जाऊन ते एक झाड उपटायचे आणि गड्डा नाकाशी धरून हुंगायचे. मामी म्हणायची, अशानं हेच सगळं रान उपटून टाकतील.

भादव्यात मी गेले तेव्हा मामा म्हणाले, "तांड्यावर चल."

लांबूनच वास आला. नाल्याच्या बाजूनं पानं कडेकडेनं पिवळी पडत वर सरकली होती. मावशी बांधावर उभी होती. तिनं एका झाडाला हात लावला तसं ते जोर न लावता वर आलं. खाली गड्ड्याच्या जागी नुसता लगदा होता. निम्मं वावर तसं गेलं होतं. वरच्या अंगाचं निम्मं हिरवंगार उभं होतं.

"तेवढं वाचंल," मामा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "तू त्या दिशी सांगून गेलीस ना पोरी, तवापासून मला हिरवं दिसलंच न्हाई. कोंब आला तवाबी मी आतलंच बघून राहिले होते."

मला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांनी नाल्याकडून चर खणायला घेतला. पाणी काढून द्यायला उशीर झाला होता, तरी ते खणत राहिले. थोड्या वेळानं मावशीही टोपलं घेऊन माती उचलायला आली.

वरचं निम्मं पीक तिला मिळालं. त्या हसऱ्या माणसाच्या रानातली हळदही चांगली निघाली आणि आता लोक बेण्यासाठी त्याच्या दारात जातात. तोही गड्डा कापून दाखवतो म्हणे. मामांनी बेणं देणं बंद केलंय. कुणी आलंच तर म्हणतात, "मला कळत न्हाई आता." मी फोन केला की ते घरादारातलं, पावसापाण्याचं सगळं बोलतात, लॅबचं मात्र एक अक्षर काढत नाहीत.