हिरव्या चेहऱ्याची आत्या

पडद्यांच्या दुकानात आम्ही सगळे जिला आत्या म्हणायचो, ती माझ्या शेजारच्या शिलाई मशीनवर बसायची. बोलणं इतकं हळू, की दोरा मागितला तरी मला ऐकू यायचं नाही. अशा बाईला लोक ‘किंकाळी’ म्हणायचे!

त्याला कारण तिचा दादा. तो अभिव्यक्तिवादी चित्रं काढायचा. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते सोडून, आत जे खदखदतं ते रंगवायचं. तरुणपणी त्याने आत्याला समोर बसवलं आणि चित्र काढलं. हिरवा चेहरा, आ वासलेलं तोंड. नाव ठेवलं ‘किंकाळी’. ते संग्रहालयात लागलं, पुस्तकांत छापलं गेलं. आत्याचं ठरत आलेलं लग्न मात्र मोडलं. मुलगा म्हणाला, “रोज सकाळी तेच तोंड डोळ्यांसमोर येईल.”

दादा गेला. त्याची मुलगीही चित्रकार झाली. बापाचेच रांगडे फटकारे तिने नव्याने हाताळायला घेतले, पण स्प्रेच्या रंगांत. तिच्या चित्रांतली माणसं मोबाइलच्या उजेडात निळी पडलेली असत. एक दिवस ती दुकानात आली.

“आत्या, माझ्यासाठी बसशील?”

आत्या हरखली. आता तरी आपला खरा चेहरा लोकांना दिसेल! ती नीट केस विंचरून, ओठ मिटून बसली.

“तोंड उघड ना, बाबांच्या चित्रासारखं.”

“अगं, मी ओरडत नव्हतेच! रंगातल्या टर्पेंटाइनच्या वासाने जीव घुसमटला होता. दादाला म्हणत होते, खिडकी उघड.”

भाची आधी पोट धरधरून हसली. मग एकदम गंभीर झाली. “म्हणजे घुसमटत होतीस. बाबांनी तेच तर काढलं!”

आत्याने तोंड उघडलं.

नव्या चित्रात अर्धा कॅनव्हास नुसतं तोंडच होतं. प्रदर्शनाला मीही गेले होते. भाचीचं कौतुक ऐकून आत्याचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. तेवढ्यात एकजण फोटो काढायला पुढे आला. “बाई, जरा तसं तोंड करता?” आत्याने केलं. नाही म्हणायचं तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती मालकांना म्हणाली, “माझं मशीन आत हलवता का? गिऱ्हाइकांच्या नजरेआड.”

“आत्याबाई, काहीतरीच काय! आता तर तुम्हाला बघायला माणसं येतील.”

दुपारपर्यंत तिचं मशीन दर्शनी काचेमागे आलं. आत्याने खुर्ची ओढली, मान खाली घातली आणि पडद्याची किनार दुमडायला घेतली.